पिन बसली म्हणजे चित्र येतेच असं नाही

राळेगावकडच्या एका भावाचा प्रश्न आला आहे. घरी दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री आणि तिचा जुना डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स. मृगाच्या पहिल्याच पावसात वीज कडाडली आणि टीव्ही गेला. एक जुना कॉम्प्युटर आहे, त्याला १७ इंची मॉनिटर, मागे फक्त १५ पिनांची निळी व्हीजीए जागा. पोरासाठी नागपूरहून सेकंडहँड प्लेस्टेशन २ आणलं. आता नवा टीव्ही न घेता डबा, कॉम्प्युटर आणि गेम हे तिन्ही त्या एका मॉनिटरवर चालतील काय? छत्रीची वायर सरळ सीपीयूलाच लावली तर डबा तरी कशाला पाहिजे? आणि शेवटी, सहज लिहिल्यासारखं एक वाक्य: "सीपीयूले हात लावला का मुंग्या येतात, तेवढं तं चालते ना?"

भाऊ, तिन्ही गोष्टी त्या मॉनिटरवर चालतात. टीव्हीच्या मानानं खर्चही किरकोळ आहे. पण तुमचं शेवटचं वाक्य मी आधी घेतो, कारण ते नीट झाल्याशिवाय बाकीची एकही वायर जोडू नका. तेवढं चालत नाही.

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे सीपीयूला वीज पुरवणाऱ्या भागात, विजेतला कचरा गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला आणि दुसरा न्यूट्रलकडून बॉडीला. घरात अर्थिंग असलं तर तिथून जे झिरपते ते जमिनीत जाते आणि कोणाला पत्ता लागत नाही. अर्थिंग नसलं की सीपीयूचा पत्रा अधांतरी राहतो, २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११०-११५ च्या आसपास. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण टेस्टर लावला तर लाल पेटतो. मी आर्वी तालुक्यात वीसेक वर्षं छत्र्या बसवतो, टीव्ही उघडतो. किती घरांत बोर्डाला तिसरं भोक असते आणि त्यामागे वायरच नसते! तीन पिनांचा प्लग बसावा एवढ्यापुरतं ते भोक.

माणसाला सोडणारे हे व्होल्ट डब्याला सोडत नाहीत. डब्यातून चित्र नेणाऱ्या लीडच्या पिवळ्या पिनेकडे एकदा नीट बघा. मधला खिळा पुढे आलेला असतो, भोवतीचं कडं मागे. खोचताना आधी खिळा टेकतो, कडं नंतर. म्हणजे क्षणभर त्या शंभरेक व्होल्टांना वाट मिळते ती चित्राच्या नाजूक आयसीतूनच. २००९ मध्ये हीच चूक मी स्वतः केली. गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर चालू, डबा चालू, आणि मी घाईत पिवळी पिन खोचली. बारीक चट् आवाज आला. डब्याचा हिरवा दिवा तसाच जळत होता, चित्र मात्र गेलं ते गेलंच. गिऱ्हाईक म्हणाले, "लाइट तं लागून आहे ना बापा, मंग बिघडलं काय?" नवा डबा माझ्या खिशातून गेला. तेव्हापासून मी प्लग बोर्डातून उपटून बाजूला ठेवल्याशिवाय लीड हातात घेत नाही. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आपल्याकडे बोर्डाचं बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडणारंही निघते.

म्हणून आधी वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्या. खड्डा, जीआय पाइप, कोळसा, मीठ, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी टाकायची आठवण. आपल्याकडची काळी माती ओल धरून असते तोवर अर्थिंग झकास चालते. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की जमिनीला भेगा पडतात आणि पाइपाभोवती पोकळी होते. तेव्हा दोन बादल्या पाणी त्याला द्यायचंच. छत्रीचा लोखंडी खांबही त्याच अर्थिंगला जोडून घ्या, वेगळा खड्डा करून नाही. दोन खड्ड्यांच्या पातळीत फरक पडला की तो फरक छत्रीच्या वायरीतून तुमच्या मॉनिटरपर्यंत येतो, चित्रात आडवे पट्टे हळूहळू वर सरकतात आणि स्पीकर घूं करतो. घूं बंद करायला कोणी सीपीयूच्या प्लगची जाडी पिन कापायचा सल्ला देईल. त्याचा चहा पाजा, सल्ला घेऊ नका.

ढग दाटून आले की दोन गोष्टी काढायच्या, बोर्डातला प्लग आणि डब्याच्या मागची छत्रीची वायर. लोक प्लग काढतात आणि वायर तशीच ठेवतात. मग वीज छपरावरून, खांबावरून, वायरीवरून खाली येते. तुमचा टीव्ही कुठून गेला ते मला इथून सांगता येणार नाही. पण काही विकत घ्यायच्या आधी डबा शेजाऱ्याच्या टीव्हीला लावून बघा. वीज पडल्यावर दिवा जळतो, रिमोट चालतो आणि चित्राची वाटच जळालेली असते, असं मी दरवर्षी पाहतो.

आता मॉनिटरकडे या. तुमच्या डब्याला पिवळी, पांढरी, लाल अशा तीन जागा आहेत. प्लेस्टेशन २ लाही शेवटी तशाच तीन पिना येतात. मॉनिटरला व्हीजीए. बाजारात एक लीड मिळते, एका टोकाला तीन पिना, दुसऱ्या टोकाला १५ पिनांचा निळा प्लग. दिसायला अगदी हवी तीच. बसतेही चपखल. चित्र येत नाही.

का येत नाही ते सांगतो. आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा. एका चित्रात ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार केला की सेकंदाला १५,६२५ ओळी होतात. कॉम्प्युटरचा मॉनिटर साधारण ३१,००० ओळींच्या खालचं काही ऐकूनच घेत नाही. शिवाय पिवळ्या वायरीत उजेड, रंग आणि ओळ कुठे सुरू होते त्याची खूण, हे सगळं एकाच तारेत भाजीसारखं कालवलेलं असते. व्हीजीएत लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या तारा वेगळ्या, ओळीची खूण वेगळी, चित्राची खूण वेगळी. कालवलेलं वेगळं करायचं आणि ओळी दुप्पट करायच्या, हे काम वायर करत नसते. त्याला मध्ये यंत्र लागते, आणि यंत्र म्हटलं की त्याला स्वतःची वीज लागते. दुकानात ओळखायची खूण एवढीच: जिला अॅडॉप्टर किंवा यूएसबीची शेपटी नाही, ती नुसती लीड आहे. ती काही विशिष्ट प्रोजेक्टरांसाठी असते, तुमच्या कामाची नाही.

ते यंत्र दोन रूपांत मिळते. एक, नवा एव्ही (म्हणजे त्याच पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना) ते व्हीजीए कन्व्हर्टर. दुसरं मला जास्त आवडते: पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा बाहेरचा टीव्ही ट्यूनर बॉक्स. हॉस्टेलवर राहणाऱ्या पोरांनी तेव्हा हे डबे भरपूर वापरले. मॉनिटरवर मॅच बघायची तर दुसरा उपायच नव्हता. त्याला कॉम्प्युटरची व्हीजीए वायर आत जाते, मॉनिटरची बाहेर येते, आणि बाजूला पिवळी-पांढरी-लाल जागा असते. रिमोटचं एक बटण दाबलं की कॉम्प्युटर, परत दाबलं की टीव्ही. सीपीयू बंद असला तरी चालते, म्हणजे पोरगं गेम खेळताना कॉम्प्युटरची वीज जळत नाही. अँटेनावरचं जुनं दूरदर्शन आता जवळपास संपलं, केबलही डिजिटल झाली, म्हणून लोकांनी हे डबे भंगारात टाकले. पण त्यांची एव्ही जागा अजून तेवढीच कामाची आहे. नागपूरला सीताबर्डीवर जुन्या सामानाच्या दुकानात विचारा. घेताना अॅडॉप्टर सोबत आहे का आणि किती व्होल्टचा, ते बघून घ्या. बारा व्होल्टचा लावून पाच व्होल्टचा बॉक्स जाळलेले लोक माझ्याकडे येतात.

डबा आणि प्लेस्टेशन, दोघांनाही एकच एव्ही जागा पाहिजे. रोज पिना उपसत बसलात तर महिन्याभरात जागा सैल होते. त्यासाठी बटणांचा एव्ही सिलेक्टर घ्या, तीन आत, एक बाहेर. त्यात इलेक्ट्रॉनिक काही नसते, नुसते स्विच, म्हणून स्वस्त असतो आणि बिघडत नाही. आवाजासाठी लाल-पांढऱ्यापासून ३.५ मिलिमीटरच्या जॅकवर येणारी लीड घेऊन कॉम्प्युटरचे स्पीकर लावा. मॉनिटरला स्वतःचा आवाज नाही, हे बरेच जण सगळं जोडून झाल्यावर लक्षात घेतात.

नव्या छोट्या डब्यांना तीन पिनांऐवजी एकच बारीक एव्ही जॅक असतो. पुढे कधी तसला घेतलात तर त्याच्याच खोक्यातली लीड वापरा. प्रत्येक कंपनीने त्या जॅकच्या चार कड्यांवर चित्र, आवाज आणि ग्राउंड आपल्या मर्जीनं मांडलेलं असते. मोबाइलच्या दुकानातली लीड तंतोतंत बसते आणि चित्र लोळते, आवाज खरखरतो. अशा वेळी पिवळ्या जागेत लाल पिन घालून बघायची. बऱ्याचदा चित्र तिथूनच निघते.

लॅपटॉपचं तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असतो, म्हणून लिहून टाकतो. पुलगावहून एक इंजिनिअरिंगचा पोरगा आला होता. एचडी डब्याची एचडीएमआय वायर लॅपटॉपच्या एचडीएमआयमध्ये घातली, दोन दिवस ड्रायव्हर टाकत बसला. म्हणे, "काका, वायर तीच, पिन तीच, मंग दिसत कायले नाही?" बाबा रे, विहिरीच्या मोटारीचा डिलिव्हरी पाइप दुसऱ्या मोटारीच्या डिलिव्हरी पाइपाला जोडला तर पाणी कोण ओढणार? लॅपटॉपची एचडीएमआय जागा चित्र बाहेर टाकायची आहे. डबाही बाहेरच टाकतो, प्लेस्टेशनही. आत घेणारी जागा फक्त टीव्हीला, मॉनिटरला किंवा बाहेरचं चित्र कॉम्प्युटरात घेणाऱ्या कॅप्चर कार्डाला असते. एव्ही-एचडीएमआय कन्व्हर्टरचंही तेच. त्यांचे दोन जातभाई आहेत, एक एव्हीतून एचडीएमआय करणारा, दुसरा एचडीएमआयतून एव्ही करणारा. रंग तोच, आकार तोच, किंमतही जवळपास तीच. उलटा लावून चालत नाही. खोक्यावर "इन" कुठे आणि "आउट" कुठे लिहिलं आहे ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

यूएसबीचं छोटं कॅप्चर यंत्र मिळते, पिवळी-पांढरी-लाल आत आणि दुसरीकडे यूएसबी. लॅपटॉपवर व्हीएलसी किंवा ओबीएस हा प्रोग्राम उघडून त्यावर डब्याचं चित्र बघता येते. बातम्या, कीर्तन, मॅच, काहीही बघा. गेम मात्र त्यावर खेळता येत नाही. चित्र कॉम्प्युटरात शिरून, तिथे शिजून पडद्यावर येईपर्यंत थोडा उशीर होतो. बॅट फिरवेपर्यंत दांडी उडालेली असते. पोराला वाटते बटण खराब आहे. आणि एचडीएमआयचं कॅप्चर घेतलं तर पैसे भरायच्या डीटीएच डब्याचं चित्र बहुतेक वेळा काळंच येते. त्यात एचडीसीपी नावाचं कुलूप असते. प्लेस्टेशन ३ च्या एचडीएमआयवरही ते कायम असते. प्लेस्टेशन ४ मध्ये गेमसाठी ते सेटिंगमधून बंद करता येते.

आता छत्रीची वायर सरळ सीपीयूला लावायचं. हा विचार चुकीचा नाही, फक्त त्याला वेगळं कार्ड लागते.

छत्रीकडून खाली येते ते चित्र नसते. फ्री डिश ज्या जीसॅट-१५ वरून येते तो २०१५ च्या नोव्हेंबरात सोडलेला उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्वेला, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. तिथून येणाऱ्या लहरी ११,००० मेगाहर्ट्झच्या पुढच्या. त्या साध्या वायरीतून लांबवर जात नाहीत, म्हणून छत्रीच्या तोंडाशी बसलेला एलएनबी त्यातून ९,७५० वजा करतो. समजा वर ११,०९० असतील तर खाली येतात १,३४०. म्हणून ते आरजी-६ वायरीतून तुमच्या घरापर्यंत पोचते. त्यात डझनावारी वाहिन्या आकड्यांच्या रूपात दाबून भरलेल्या असतात. त्या सोडवायच्या, उलगडायच्या आणि मग त्यांचं चित्र करायचं, हे काम डबा करतो. शिवाय एलएनबीला वीज त्याच वायरीतून उलटी वर जाते: उभ्या लहरींसाठी १३ व्होल्ट, आडव्यांसाठी १८. म्हणून ही वायर टीव्हीच्या किंवा जुन्या ट्यूनर बॉक्सच्या अँटेनाच्या जागेत खोचून काहीच दिसत नाही. आणि चुकीचा स्प्लिटर मध्ये घालून डब्याचे हे व्होल्ट भलत्याच यंत्रात सोडले तर तेही जाते.

कॉम्प्युटरात डबा बसवल्यासारखं डीव्हीबी-एस कार्ड मिळते, जुन्या सीपीयूसाठी आत बसणारं पीसीआयचं, नाहीतर यूएसबीचं. फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत, तिच्या खुल्या वाहिन्या असल्या कार्डावर लागतात. पण जुनं डीव्हीबी-एस कार्ड नव्या डीव्हीबी-एस२ पद्धतीच्या वाहिन्या ओढत नाही, आणि पैसे भरायच्या डीटीएचच्या वाहिन्या तर त्यांच्या डब्याशिवाय आणि कार्डाशिवाय उघडतच नाहीत. तुमच्यासारख्याला मी हे कार्ड घ्यायला सांगणार नाही. एक वाहिनी बघायला अख्खा सीपीयू चालवायचा, आणि लाइन गेली की विंडोज पुन्हा चालू व्हायची वाट बघत बसायचं. डबा इनव्हर्टरवर दहा-बारा वॅटमध्ये चालतो.

कॉम्प्युटरात काही साठवून ठेवायचं असेल, डीडी किसानवरची मुलाखत म्हणा किंवा पोरीचा शाळेचा कार्यक्रम, तर डब्याच्या पुढे यूएसबीची जागा आहे का बघा. बऱ्याच फ्री डिश डब्यांवर रेकॉर्डिंगचं बटण असते. पेनड्राइव्ह एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट करून लावा, रेकॉर्ड करा, मग कॉम्प्युटरला लावून व्हीएलसीत उघडा. फाइल ४ जीबीला तुटून दुसरी सुरू होते, ती त्या फॉरमॅटची मर्यादा आहे, डब्याचा दोष नाही. एकही वायर न ओढता डबा आणि कॉम्प्युटर जोडले गेले.

छत्रीबद्दल एवढंच. आपल्या वर्धा-यवतमाळ पट्ट्यातून हा उपग्रह आग्नेयेला दिसतो, होकायंत्रावर १४३ अंशांच्या आसपास, आणि आभाळात चांगला ६० अंश वर. छत्री बघून तसं वाटत नाही. ती समोरच्या घराकडे तोंड करून उभी असल्यासारखी दिसते, कारण या छत्र्या तिरप्या नजरेच्या असतात. म्हणून लोक म्हणतात, "समोर तं झाडच नाही, मंग सिग्नल कायले जाते?" झाड समोर नाही, वर बघा. बांधावरचा साग पावसाळ्यात ताटाएवढी पानं फोडतो आणि जूनमध्ये लागणारी छत्री ऑगस्टमध्ये लागत नाही.

प्लेस्टेशन २ चं थोडं राहिलं. चित्र काळं-पांढरं आलं तर घाबरू नका. बाहेरून आलेलं यंत्र बऱ्याचदा एनटीएससी नावाच्या दुसऱ्या टीव्ही पद्धतीचं असते आणि पालची सवय असलेल्या पडद्यावर त्याचा रंग हरवतो. ट्यूनर बॉक्सच्या मेनूत रंगाची पद्धत "ऑटो" करा. १७ इंची मॉनिटर जवळपास चौकोनी असतो, ते या जुन्या गेमांना उलट बरंच आहे. रुंद टीव्हीवर त्यातले खेळाडू बसके दिसतात. कन्व्हर्टरमधून थोडा उशीर इथेही लागतो, पण कॅप्चरइतका नाही. पोरगं चारच दिवसांत त्याला सरावते. जत्रेतला बंदुकीचा टीव्ही गेम मात्र या मॉनिटरवर चालणार नाही, त्यासाठी आणू नका. ती बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीवर ओळ नेमकी कधी उजळते ते टिपते. एलसीडीवर तिला काहीच सापडत नाही. घरी जुना डबडा टीव्ही असलेल्या कोणाला ती देऊन टाका.

रब्बीत रात्री शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज दीडशेवर येते. डबा ते सहन करतो, ट्यूनर बॉक्सचा साधा ट्रान्सफॉर्मरवाला अॅडॉप्टर करत नाही आणि मॉनिटरवर निळा पडदा दिसतो. तेव्हा बॉक्स बिघडला समजून माझ्याकडे घेऊन येऊ नका. मोटारी बंद व्हायची वाट बघा, नाहीतर मोबाइलच्या चार्जरसारखा हलका, एसएमपीएसवाला, तेवढ्याच व्होल्टचा आणि पिनेची प्लस-मायनस जुळणारा अॅडॉप्टर घ्या.